फाटक बंद, पूल बंद: कल्याण-डोंबिवलीची पूर्व आणि पश्चिम

नेहमीसारखंच हे भागाचं लिखित रूप आहे. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, आणि तारखा पुन्हा एकदा तपासून घेतल्यात. बाकी जसं बोललो तसंच.

आजचा विषय आहे रेल्वे फाटक. डोंबिवलीत फाटक आडनावाची माणसंही भरपूर आहेत, त्यांनी घाबरू नये. मी रुळांवरच्या फाटकाबद्दल बोलतोय. लाल-पांढरे पट्टे मारलेला तो लांब दांडा, बाजूला गेटमनची केबिन, आणि दोन्ही बाजूंना ताटकळलेले लोक.

माझ्या शाळेच्या दिवसांत ठाकुर्लीचं फाटक चालू होतं. बाबांच्या स्कूटरवर पुढे उभा राहून मी ते शेकडो वेळा पाहिलंय. फाटक पडलेलं दिसलं की बाबा आधी इंजिन बंद करायचे. त्यावरून मला कळायचं की आता वेळ लागणार. एक स्लो लोकल जायची, मग उलट्या बाजूने फास्ट, मग एखादी मेल, आणि आता उघडेल असं वाटेपर्यंत पुन्हा एक लोकल. तेवढ्या वेळात सायकलवाले दांडा तिरका करून खालून सायकल काढायचे. बायका पिशव्या सांभाळत वाकून पलीकडे जायच्या. वाहनं मात्र हलायची नाहीत. मग एकदाचं फाटक वर जायचं आणि दोन्हीकडून सगळे एकदम घुसायचे, अगदी समोरासमोर. रुळांच्या मधोमध रिक्षा, स्कूटर, टेम्पो यांचा गुंता. आणि आता उभी राहायची लोकल. कारण फाटक बंद होत नाही तोवर तिला सिग्नल नाही.

तेव्हा मला हा बावळटपणा वाटायचा. पुढे सॉफ्टवेअरमध्ये आलो आणि कळलं की ही आमच्या धंद्यातली जुनीच भानगड आहे. एकच जागा, वापरणारे अनेक, आणि एका वेळी एकालाच परवानगी. त्यासाठी आम्ही कोडमध्ये कुलूप घालतो. रेल्वेने ते लोखंडात घातलं. फाटक आणि सिग्नल एकमेकांना बांधलेले असतात. फाटक पूर्ण पडून कुलूप लागल्याशिवाय सिग्नल हिरवा होऊ शकत नाही. आणि एकदा सिग्नल दिला की गाडी निघून जाईपर्यंत फाटक उघडता येत नाही. गेटमनच्या मनात आलं तरी नाही. रचना म्हणून हे उत्तम आहे, कारण चूक झाली तर ती थांबण्याच्या बाजूने होते, धडकण्याच्या नाही. फक्त गर्दी वाढली की या कुलपाचं काय होतं, ते पाहायला हवं.

एक मनातला हिशोब करू. समजा चार रूळ आहेत, दोन स्लोचे आणि दोन फास्टचे. गर्दीच्या वेळी प्रत्येक रुळावर दर चार मिनिटांनी एक गाडी. प्रत्येक गाडीसाठी फाटक आधी पाडायचं, ती येऊन जाणार, म्हणजे धरा दोन मिनिटं. मग एक रूळ निम्मा वेळ मोकळा. पण फाटक उघडायला चारही रूळ एकाच वेळी मोकळे हवेत. निम्म्याचं निम्मं, त्याचं निम्मं, त्याचं पुन्हा निम्मं. सोळातला एक भाग. म्हणजे तासाभरात पावणेचार मिनिटं, तीही सुट्टी सुट्टी, दहा-वीस सेकंदांच्या तुकड्यांत. एवढ्यात एक रिक्षाही नीट पलीकडे जाणार नाही. त्यामुळे खरं तर अशा ठिकाणी फाटक उघडत नाही, ते उघडावं लागतं. गाड्या अडवून. आणि दिव्याला अडवलेल्या एका लोकलमागे दुसरी थांबते, तिच्यामागे तिसरी, आणि तो उशीर मुंबईपर्यंत पोचतो. घाटकोपरच्या प्लॅटफॉर्मवर इंडिकेटरकडे बघत रेल्वेला शिव्या घालणाऱ्या माणसाला पत्ताही नसतो की पंचवीस किलोमीटर मागे कोणाचा तरी टेम्पो रुळांवर बंद पडला होता.

जपानी भाषेत अशा फाटकांना स्वतंत्र शब्द आहे. न उघडणारं फाटक, अशा अर्थाचा. गर्दीच्या तासात चाळीस मिनिटं किंवा त्याहून जास्त बंद राहतं ते, अशी त्याची सरकारी व्याख्याही आहे. टोकियोत अशी फाटकं पुष्कळ. तेव्हा आपण काही जगावेगळे नाही. फरक पुढच्या पायरीवर आहे.

आता थोडं मागे जाऊ. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, हे पाठ्यपुस्तकात सगळ्यांनी वाचलंय. पुढच्याच वर्षी, 1 मे 1854 ला, खाडी ओलांडून आणि पारसिकच्या डोंगराला वळसा घालून ती कल्याणला पोचली. पुढे तिथून दोन फाटे फुटले. एक कसाऱ्यावरून थळ घाटाकडे, दुसरा कर्जतवरून बोर घाटाकडे. कल्याण जंक्शन झालं ते असं. डोंबिवली तेव्हा गाव होतं, आणि स्टेशन मिळालं तेही 1880 च्या दशकात. गावाच्या दृष्टीने रूळ म्हणजे शेताच्या कडेने गेलेली लोखंडी रेघ. बैलगाडी, माणसं, गुरं ओलांडणार, दिवसाला मोजक्या गाड्या येणार. तिथे फाटक हा अगदी बरोबर उपाय होता. पूल कोण कशाला बांधेल?

मुंबईचं वेगळं होतं. तिथे मशीद बंदराजवळचा कर्नाक पूल 1868 चा. म्हणजे पहिली गाडी धावल्यावर पंधरा वर्षांतच रस्ता रुळांवरून उचलला गेला. कारण तिथे बंदर होतं, कापूस होता, व्यापाऱ्यांची वाहतूक होती, आणि ती थांबलेली कोणाला चालणार नव्हती. कल्याणला असा पूल मिळाला 1914 मध्ये. तो आपला पत्री पूल. ठाकुर्लीला मिळाला 2018 मध्ये. मुंबईपासूनचं अंतर किलोमीटरमध्ये मोजलं तर पन्नासच्या आसपास. पुलांमध्ये मोजलं तर दीडशे वर्षं.

पत्री पुलाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. कल्याणहून शीळफाट्याकडे जाताना रूळ ओलांडणारा तो लोखंडी पूल. नावातच पत्रा आहे. 1914 साल लक्षात ठेवा. दोनच वर्षांनी, 1916 मध्ये, पारसिकचा सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा सुरू झाला आणि फास्ट गाड्यांना खाडीकाठचा वळसा टाळून सरळ रस्ता मिळाला. म्हणजे त्या काळात या पट्ट्यात रूळ वाढत होते, गाड्या वाढत होत्या. मला वाटतं, ज्या रस्त्यावर वर्दळ होती तिथे फाटकाचं गणित तेव्हाच कोणाच्या तरी लक्षात आलं असणार. पुढे पुढे ती दृष्टी हरवली. किंवा असं म्हणू, की रेल्वेला स्वतःच्या गाड्या वाढवायच्या होत्या तोवर पूल झाले. नंतर शहर वाढलं, आणि शहर ही रेल्वेची जबाबदारी नव्हती.

शहर वाढलं ते कसं, हे तुमच्या घरातही कोणी सांगेल. गिरगाव-दादरच्या चाळीतली खोली अपुरी पडली, लग्न झालं, डोंबिवलीला ब्लॉक घेतला. साठच्या दशकात एमआयडीसी आली. 1983 मध्ये कल्याण महापालिका स्थापन झाली. 2011 च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात होती. साडेबारा लाख माणसं, आणि शहराच्या बरोबर मधून रूळ. आपल्याकडे पूर्व आणि पश्चिम या दिशा राहिलेल्या नाहीत, ती दोन गावं झालीत. लग्न जमवताना सुद्धा विचारतात, पूर्वेला की पश्चिमेला?

तर मग पूल का नाही बांधले? पैसे नव्हते हे उत्तर सोपं आहे, पण पुरेसं नाही. दोन गोष्टी आहेत, आणि दोन्ही समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट भूमितीची. रुळांवर विजेची तार असते. पूर्वी आपल्याकडे 1500 व्होल्टचा डीसी करंट होता, आता 25,000 व्होल्टचा एसी आहे. मध्य रेल्वेच्या लोकलच्या मार्गांवर हा बदल 2016 पर्यंत पूर्ण झाला. त्यामुळे रुळापासून पुलाच्या तळापर्यंत साधारण साडेसहा मीटर मोकळे सोडावे लागतात. त्यावर गर्डरची जाडी. म्हणजे रस्ता आठ-साडेआठ मीटर वर, जवळजवळ तिसऱ्या मजल्यावर. आता जमिनीवरून तिथे चढायचं तर बस आणि ट्रकला झेपेल असा चढ हवा. तीस मीटर चाललं की एक मीटर वर, असा साधारण हिशोब. म्हणजे एका बाजूला अडीचशे मीटर चढ, दुसऱ्या बाजूला अडीचशे मीटर उतार. ओलांडायचे आहेत तीस-चाळीस मीटरचे रूळ, आणि त्यासाठी लागतो अर्धा किलोमीटरचा पूल! फाटकाला जागा लागते दांड्याएवढी. पुलाला लागतो अख्खा मोहल्ला. आणि तोवर फाटकाच्या दोन्ही बाजूंना चाळी, दुकानं, मंदिरं, रिक्षास्टँड उभे राहिलेले असतात, कारण फाटक म्हणजे थांबलेली गर्दी आणि थांबलेली गर्दी म्हणजे गिऱ्हाईक.

दुसरी गोष्ट मालकीची. रुळांवरचा पुलाचा तुकडा रेल्वेच्या हद्दीत, तो रेल्वे बांधणार किंवा तिच्या देखरेखीखाली बांधला जाणार. दोन्ही बाजूंचे पोहोच रस्ते महापालिकेच्या किंवा राज्य सरकारच्या वाट्याचे. खर्च निम्मा-निम्मा, ही जुनी पद्धत. पूल कुठे हवा हे ठरवायलाही नियम आहे. दिवसभरात जाणाऱ्या गाड्यांचा आकडा आणि वाहनांचा आकडा यांचा गुणाकार करायचा. तो एक लाखाच्या वर गेला की फाटकाच्या जागी पूल द्यायला हरकत नाही. आपल्या भागात हा गुणाकार सकाळीच पूर्ण होत असेल. म्हणजे गरज सिद्ध करायचा प्रश्न नव्हताच कधी. प्रश्न असा की रेल्वेकडे जागा आहे, अभियंते आहेत, तिचा तुकडा ती उभा करू शकते. महापालिकेच्या तुकड्याच्या वाटेत माणसं राहतात. त्यांना घर कुठे द्यायचं, कोण देणार, कधी देणार? म्हणून आपल्याकडे बरेचदा पुलाचा मधला भाग आधी दिसतो आणि टोकं नंतर येतात. दिव्याचा पूर्व-पश्चिम पूल असाच घरांच्या आणि जागेच्या प्रश्नात वर्षानुवर्षं रखडला. ठाकुर्लीत जोशी शाळेजवळून पश्चिमेला जाणारा पूल झाला, पण त्याचाच म्हसोबा चौकाकडे जायचा पुढचा टप्पा असाच अडकून पडला. प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या भाषेत सांगायचं तर दोन टीम, दोन बजेट, आणि जोडणीची जबाबदारी कोणाचीच नाही. असल्या प्रोजेक्टवर मी काम केलंय. शेवटच्या आठवड्यात कळतं की दोन्हीकडचे स्क्रू वेगवेगळ्या मापाचे आहेत.

या उशिराची किंमत काय, तर दिवा. 2 जानेवारी 2015 ची सकाळ आठवतेय? ठाकुर्लीच्या बाजूला एका लोकलचा पेंटोग्राफ बिघडला, गाड्या खोळंबल्या, आणि दिवा स्टेशनवर लोकांचा संयम सुटला. रेल रोको, दगडफेक, गाड्यांची जाळपोळ. मोटरमनना मारहाण झाली म्हणून मोटरमननी काम थांबवलं आणि मध्य रेल्वे कित्येक तास ठप्प झाली. त्या दिवसाचं तात्कालिक कारण फाटक नव्हतं. पण दिवेकरांची तक्रारींची यादी जुनी होती. फास्ट लोकल थांबत नाही, स्लोमध्ये चढता येत नाही, स्टेशनच्या या बाजूहून त्या बाजूला जायचं तर फाटक. फास्ट लोकलचा थांबा मिळाला डिसेंबर 2016 मध्ये. ठाणे ते दिवा पाचवी-सहावी लाईन मंजूर होती 2008 पासून, ती सुरू झाली 18 फेब्रुवारी 2022 ला, सुमारे 620 कोटी खर्चून. तिच्यात गाड्यांसाठीच 1.4 किलोमीटरचा रेल्वे उड्डाणपूल आहे, म्हणजे गाड्यांनी एकमेकींना अडवू नये म्हणून. आणि तिच्या महिनाभर आधी, जानेवारी 2022 मध्ये, कळव्याचा खारेगाव पूल वाहतुकीला खुला झाला. मला हा योगायोग वाटत नाही. चाराचे सहा रूळ झाल्यावर मघाचा तो सोळातला एक भाग चौसष्टातला एक होतो. खारेगावचं फाटक तसंच ठेवून नवे रूळ कोणाला धड वापरता आले असते? पूल झाला कारण पुन्हा रेल्वेला गाड्या वाढवायच्या होत्या. 1914 सारखंच.

आता मी ज्यासाठी हा भाग करायला घेतला ती गोष्ट. फाटक गेलं, पूल आला, प्रश्न सुटला, असं आपण धरून चालतो. कल्याण-डोंबिवलीत 2018 ते 2021 या काळात काय झालं ते बघा.

3 जुलै 2018 ला अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. त्याच्या आदल्या वर्षी, 29 सप्टेंबर 2017 ला, एल्फिन्स्टन रोडच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली होती. त्यामुळे सगळे हादरले आणि मुंबई परिसरातल्या पुलांची तपासणी सुरू झाली. त्यात पत्री पूल धोकादायक ठरला आणि ऑगस्ट 2018 मध्ये बंद झाला. 18 नोव्हेंबर 2018 ला मेगाब्लॉक घेऊन तो पाडला. एकशे चार वर्षांचा पूल एका रविवारी गेला. मी बघायला गेलो होतो, आणि एकटा नव्हतो. लोक मुलांना खांद्यावर घेऊन आले होते. सगळी वाहतूक शेजारच्या दुसऱ्या पुलावर आली, आणि पुढची सव्वादोन वर्षं पत्री पूल हा शब्द शिवीसारखा वापरला गेला. नव्या पुलाच्या तारखा इतक्या वेळा पुढे गेल्या की व्हॉट्सॲपवर त्यावरच विनोद चालायचे.

त्यात सप्टेंबर 2019 मध्ये डोंबिवलीचा कोपर पूल बंद झाला. तो 1980 च्या सुमाराचा, म्हणजे पत्री पुलापेक्षा वयाने कितीतरी लहान. पण तोही धोकादायक ठरला. आता डोंबिवली पूर्व आणि पश्चिम यांना जोडणारा एकच रस्ता उरला, ठाकुर्लीचा नवा पूल. सगळ्या शहराची वाहतूक, शाळेच्या बस, पाण्याचे टँकर, ॲम्ब्युलन्स, गणपतीच्या मिरवणुका, सगळं त्या अरुंद पुलावर. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. ऑफिसची बस पूर्वेला यायची आणि मी राहायचो पश्चिमेला. एका संध्याकाळी पुलाच्या चढावर चाळीस मिनिटं उभा असताना मला बाबांच्या स्कूटरचं बंद केलेलं इंजिन आठवलं. फरक इतकाच की इथे समोरून लोकल जात नव्हती. ती खालून, पुलाखालून, वेळेवर जात होती.

म्हणजे रेल्वेपुरता प्रश्न सुटला होता. कुलूप गाड्यांवरून निघालं आणि शहरावर लागलं. फाटकांच्या काळात ओलांडायच्या जागा अनेक होत्या. सगळ्या वाईट, सगळ्या धोक्याच्या, पण अनेक. एकीकडे खोळंबा असला तर लोक दुसरीकडून जायचे. पुलांच्या काळात त्या मोजक्या झाल्या. मोठ्या आणि चांगल्या, पण मोजक्या. त्यातली एक पडली की शहराचे दोन तुकडे. आमच्याकडे कुठलाही धड सिस्टीम आर्किटेक्ट पहिला प्रश्न हाच विचारतो, हा एक सर्व्हर गेला तर काय? पत्री आणि कोपर हे दोन्ही पूल जवळजवळ दीड वर्ष एकाच वेळी बंद होते. हा प्रश्न 1980 मध्ये किंवा नंतर कधी कोणी विचारला असता तर तिसरा पूल वीस वर्षं आधी झाला असता.

नव्या पत्री पुलाचं काम मात्र बघण्यासारखं होतं, तेही सांगायला हवं. 76.67 मीटरचा एकच सलग गर्डर, वजन 700 टनांच्या आसपास. रुळांच्या मध्ये एकही खांब नाही. तो रुळांशेजारी जोडून घेतला आणि मग रुळांवरून हळूहळू पुढे ढकलला, नोव्हेंबर 2020 मध्ये मेगाब्लॉक घेऊन. ढकलताना पुढचं टोक अधांतरी असतं, ते खाली झुकू नये म्हणून अशा कामात पुढे हलक्या लोखंडाची एक सोंड जोडतात. ती आधी पलीकडे टेकते, मग मागून पूल येतो. करोनाचा काळ, लोकल सगळ्यांसाठी खुल्या नव्हत्या, तरीही ब्लॉक मोजून मिळाला. 25 जानेवारी 2021 ला पूल खुला झाला. कोपर पूल 7 सप्टेंबर 2021 ला, गणपतीच्या तीन दिवस आधी. दोन्हींची उद्घाटनं तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी ऑनलाइन केली.

मग आता सगळं ठीक? इथे मला आजीबद्दल बोलायचंय.

माझी आजी पूर्वेला राहायची. तिची धाकटी बहीण, आम्ही तिला माई म्हणायचो, पश्चिमेला. मधे ठाकुर्लीचं फाटक. आठवड्यातून दोनदा आजी डबा घेऊन चालत माईकडे जायची. वीस मिनिटं, फाटक बंद असलं तर तीस. गुडघे दुखायचे, पण रस्ता सपाट होता. फाटक गेलं आणि हा रस्ता गेला. पादचारी पुलावर जिने होते, ते तिला चढवेनात. गाड्यांचा पूल तीन मजले चढून अर्धा किलोमीटर फिरून उतरणारा, चालणाऱ्याने जायचं तर कडेने रिक्षांचे आरसे चुकवत. रिक्षाने जायचं तर सुट्टे पैसे मोजून, आणि मला का उगाच खर्च, हे वर. आठवड्यातून दोनदाचं महिन्यातून एकदा झालं, मग सणावारी. शेवटची दोन वर्षं दोघी फोनवरच बोलायच्या. स्टेशनच्या दोन बाजूंना राहणाऱ्या दोन बहिणी!

पूल बांधणाऱ्यांनी काही वाईट केलं असं मी म्हणत नाही. पण गुणाकारात गाड्या आहेत आणि वाहनं आहेत, आजी नाही. डबा घेऊन चालणारी बाई त्या हिशोबात मोजलीच जात नाही. आणि जिने चढवत नाहीत अशांतले जे तरुण आहेत, घाईत आहेत, ते काय करतात हे तुम्हाला माहीत आहे. भिंतीला भगदाड पाडतात आणि रूळ ओलांडतात. अनिल काकोडकर समितीने 2012 च्या अहवालात लिहिलं होतं की देशभरात वर्षाला सुमारे 15,000 माणसं रूळ ओलांडताना मरतात आणि त्यातली 6,000 एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर. त्याच समितीने सगळी फाटकं पाच वर्षांत काढून टाका असंही सांगितलं होतं, साधारण 50,000 कोटी खर्च धरून. दोन्ही गोष्टी एकाच अहवालात आहेत, आणि त्या एकत्रच वाचायला हव्यात. फाटक काढलं पण चालणाऱ्याला सपाट वाट दिली नाही, तर फाटकावरचा धोका नाहीसा होत नाही. तो दोनशे मीटर पुढे, भिंतीच्या भगदाडाशी जातो. आणि तिथे गेटमन नसतो, सिग्नलही नसतो.

मघाशी म्हटलं की जपानचा फरक पुढच्या पायरीवर आहे. तो असा, की तिथे जमेल तिथे रस्ता उचलण्याऐवजी रेल्वेच उचलतात किंवा जमिनीखाली नेतात. एका झटक्यात सलग पाच-दहा फाटकं जातात आणि खालचा रस्ता सपाट राहतो. ऑस्ट्रेलियात मेलबर्नने 2015 पासून हेच काम हाती घेतलंय, 2030 पर्यंत 110 फाटकं काढायचं उद्दिष्ट आहे, आणि त्यांनीही बऱ्याच ठिकाणी रूळच खांबांवर चढवलेत. खाली मोकळी जागा, सायकलची वाट, बाग. महाग आहे, प्रचंड महाग. दिवसाला अठराशेच्या आसपास फेऱ्या चालणाऱ्या मध्य रेल्वेवर चालू गाड्यांखालून रूळ उचलणं म्हणजे धावत्या माणसाची चप्पल बदलणं. हे आपल्याकडे लगेच होईल असं मला वाटत नाही. पण भुयारी वाट? चढ-उताराचा रॅम्प? रुळाखालून जायला माणसाला अडीच मीटर उंची पुरते, साडेआठ मीटर चढायची गरज नाही. पावसाळ्यात पाणी भरतं, हे खरं. मग पंप लावा, जसे रस्त्यांच्या सबवेंना लावतात.

ठाकुर्लीच्या जुन्या फाटकाच्या जागी मी मागच्या महिन्यात पुन्हा जाऊन आलो. रस्ता अजून दोन्हीकडून रुळांपर्यंत येतो आणि भिंतीशी थांबतो. पूर्वेकडच्या भिंतीपाशी एक चहाची टपरी आहे. टपरीवाल्या काकांना विचारलं, इथून पलीकडे कसं जायचं? त्यांनी आधी पुलाकडे बोट दाखवलं. मग माझ्याकडे नीट बघितलं, पाठीवर बॅग, पायात बूट, आणि आवाज जरा खाली आणून म्हणाले, "तसं इथनं पण जातात लोक."